बोटानं सरकणारा मान

आमच्या घरात 'आधी कोण' यावरून पहिलं रक्त सांडलं तेव्हा मी शाळेत होते. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं आमचं गाव. विहीर सामाईक, आमच्या आबांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची. त्या वर्षी दुष्काळ असा होता की मोटर जरा चालली की विहिरीच्या तळातून नुसती गुरगुर ऐकू यायची. पाण्याची पाळी ठरलेली होती: आधी थोरला, मग धाकटा. थोरल्यानं उपसून घेतल्यावर धाकट्याला काय उरायचं ते सांगायला नको. एका सकाळी आबांनी आधी मोटर चालू केली, कारण त्यांची अद्रक उभ्या उभ्या वाळत होती. चुलते आले ते फावडं घेऊनच आले. शिवी नाही, जाब नाही. पाटात वाकलेल्या धाकट्या भावाच्या खांद्यावर त्यांनी फावडं घातलं.

मी भाकरी घेऊन गेले होते. फडकं टाकलं, दगड उचलला आणि भिरकावला. तो चुलत्यांच्या घोट्याला लागला. ते वळले, पण माझ्याशी बोलले नाहीत. पाटात पडलेल्या आबांना म्हणाले, "पोरीला आवर तुझ्या." त्या दिवसापासून ते आबांशी बोलले नाहीत, आबाही त्यांच्याशी नाहीत. विहीर आटली, भरली, पुन्हा आटली. दोन्ही चुलींचा धूर एकाच अंगणातून वर जायचा, पण दोघांत शब्द नाही.

भाऊबंदकी म्हणजे असंच, असं लोक म्हणतात. मला हे 'असंच' कधी पटलं नाही. मला चुलत्यांचा राग होता, आजही आहे, आणि तो मी झाकून ठेवत नाही.

शिकून मी तेव्हाच्या औरंगाबादेत आले. उस्मानपुऱ्यात मैत्रिणींबरोबर एक खोली घेतली आणि क्रांती चौकाजवळ एका वायर-पंख्यांच्या ठोक दुकानात नोकरीला लागले. शहर चहूकडून फुगत होतं. बायपासच्या कडेला काल ज्वारी होती तिथं आज प्लॉटच्या खुणांचे पांढरे दगड दिसायचे आणि बघता बघता स्लॅब पडायचा. प्रत्येक बिल्डरला माल आधी आपल्याकडं हवा असायचा. टेम्पो आधी कुठं जाणार, मग कुठं, याची यादी सकाळी मी करायची. यादीत मागं पडलेल्याचा सुपरवायझर दुकानात यायचा तो भांडायलाच. एकानं वायरचं बंडल माझ्या टेबलावर असं आपटलं की काच फुटून माझ्या मनगटात घुसली. मी हातातला चहा त्याच्या तोंडावर फेकला. तो बोंबलत बाहेर पळाला. मालक म्हणाले, "बाई, तुमचं डोकं लई गरम आहे." मी म्हटलं, चहा त्याहून गरम होता.

डोकं गरम राहावं अशीच ती वर्षं होती. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते देवालाही ठाऊक नसायचं. म्हणून बायका नळापासून कोपऱ्यापर्यंत हंडे मांडून ठेवायच्या. हंडा म्हणजे माणूसच. तो मागं सरकवला म्हणजे त्या बाईला धक्का मारून मागं लोटल्यासारखं. एकदा समोरच्या माडीवरच्या बाईनं माझा हंडा मागं सरकवला. मी पुढं आणला. तिनं तो उचलला आणि काठानं माझ्या कपाळावर घातला. डोळ्यात रक्त उतरलं, तरी मी तिचे केस सोडले नाहीत. शेवटी पाणी आलं आणि आम्ही दोघी एकमेकींना सोडून आपापले हंडे भरायला धावलो. कपाळावरचा व्रण मी कधी केसांनी झाकला नाही.

दुकानातली यादी मी मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये करायची. त्यात एक कटकट होती. जी ओळ जिथं लिहिली ती तिथंच राहायची. खालचं ठिकाण वर घ्यायचं तर ओळ पुसा, वरच्या सगळ्या पुन्हा लिहा. मग एका सकाळी ॲप आपोआप नवं झालं आणि प्रत्येक ओळीच्या कडेला बारीक ठिपके आले. मी सहज त्यांच्यावर बोट दाबून धरलं, तर ती ओळ जराशी वर उचलली गेली. बोट वर नेलं तशी ती वर आली. वाटेतल्या ओळींनी आपापलं सरकून तिला जागा करून दिली. बोट उचललं, ओळ नव्या जागी बसली. मी सकाळभर तोच खेळ करत राहिले आणि टेम्पोवाला खोळंबला. जन्मात मी कुणाला इतक्या मुकाट्यानं बाजूला होताना पाहिलं नव्हतं. ना हंडा, ना फावडं, ना कुणाची आयमाय काढणं.

त्याच सुमारास धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पुन्हा दुष्काळच होता. गावात प्यायला टँकर, तिथं वऱ्हाडाला पाणी कुठलं? म्हणून लग्न शहरात, बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात घ्यायचं ठरलं. आमच्याकडं मुहूर्ताआधी माईकवरून एकेक नाव पुकारतात, मानाचा फेटा बांधतात, हातात नारळ देतात. जेवणात काय होतं ते पाहुणे विसरतील, पण आपला फेटा कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर बांधला ते नातवंडांना सांगतील.

लग्नाच्या खरेदीसाठी आबा खोलीवर आले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "पहिला फेटा तात्याला."

"कोणत्या तात्याला?" तात्या म्हणजे थोरले चुलते. मला ते माहीत होतं, तरी मी मुद्दाम विचारलं.

"आपल्या."

"फावडं घातलं त्या?"

"थोरला हाय. भावकीत पहिला मान त्याचा."

"पण येणार हाय का तो?"

"फेटा पहिला आसंल तर यील. तसा निरोप आलाय."

"आणि येऊन बोलणार हाय तुमच्याशी?"

आबा खालमानेनं पेल्यातलं पाणी हलवत बसले. मग म्हणाले, "मेल्यावर तर सगळेच येतेत खांद्याला. जित्या जिवानं एकदा बोलावं त्यानं माझ्यासंगं. दुसरं काय बी नको मला."

माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली. एवढा मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याच्या तोंडून एक शब्द ऐकायला झुरतो, हे मला कळत नव्हतं. आणि जे कळत नाही त्याचा मला संताप येतो. तरी आबांचं तोंड बघून मी मोबाईल काढला. मानाची यादी नवी सुरू केली. भावकी, आजोळ, गावकरी, सगळे जसे आठवतील तसे लिहिले. मग 'थोरले चुलते' या ओळीच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि ती सगळ्यांत वर ओढली. आमचे मामा, म्हणजे आईचे भाऊ, दुसऱ्या नंबरला सरकले. आबा चष्मा सावरून बघत होते. "एवढंच?" म्हणाले. "एवढंच," मी म्हटलं.

आमच्याकडं मानाची यादी आधी थोरामोठ्यांना दाखवायची रीत आहे. पूर्वी घरातला एखादा जाणता यादी घेऊन दारोदार फिरायचा, बसून चहा घ्यायचा, नावं वाचून दाखवायचा आणि "बराबर हाय ना?" असं विचारून उठायचा. आबा म्हणाले, एवढ्या उन्हात कोण फिरंल, ग्रुपवर टाक. मी लग्नाच्या ग्रुपवर यादीची लिंक टाकली. मामांना त्यांच्या बाजूची काही नावं घालायची होती, म्हणून बदल करायची मुभाही ठेवली. ती एकाला दिली की सगळ्यांना मिळायची. पुढं सगळ्या गावानं मला यावरून बोल लावले. लावोत. यादी माझी होती, बोटं त्यांची होती.

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग चुलत्यांच्या पोराला त्या ठिपक्यांचा उलगडा झाला. त्यानं स्वतःला बापाच्या खाली आणून बसवलं, मामांच्या वर. कालचं पोर मामांच्या वर! मामांच्या पोरानं ते पाहिलं आणि मामांनाच थेट सगळ्यांत वर नेलं. मग काय, ज्याला त्याला खेळच सापडला. चहा होईपर्यंत मामा वर असायचे, आंघोळ होईपर्यंत चुलते. मधल्या मध्ये सरपंच पार तळाला जायचे आणि त्यांची माणसं आबांना फोन करून आईवरून शिव्या द्यायची. मी दुकानात टेबलाखाली मोबाईल धरून चुलत्यांना पुन्हा वर ओढायची. ज्याला मी दगड मारला होता त्याला मीच दिवसातून कितीदा तरी बोटानं उचलून सगळ्यांच्या डोक्यावर बसवत होते. माझा जीव जळायचा. पण आबा रोज फोनवर एकच विचारायचे, "तात्या वर हाय ना?"

बाजाराच्या दिवशी कन्नडला मामांचा पोरगा आणि चुलत्यांचा पोरगा समोरासमोर आले.

"आमच्या बापाला खाली तूच ओढलं ना रे?" चुलत्यांचा पोरगा म्हणाला.

"व्हय, ओढलं. आजून ओढीन."

चुलत्यांच्या पोरानं त्याच्या कानाखाली जाळ काढला. मामांच्या पोरानं त्याला मानगुटीला धरून मिरचीवालीच्या ढिगात तोंडानं दाबला आणि वरून गुडघा ठेवला. मिरचीवाली तराजूनं दोघांनाही बडवत होती म्हणे. डोळे सुजून टमाट्यासारखे झालेला तो पोरगा एसटीनं गावी आला, त्याला काही दिसत नव्हतं, तरी घरी पोचताच बायकोला म्हणाला, "आधी मोबाईल घे, बापाला वर घाल."

मी शहाणपणा केला. लग्नाच्या आदल्या दिवशी चुलते वर असताना यादी कागदावर उतरवून घेतली. माईक गावातल्या एका मास्तरांकडं होता. त्यांना मी बजावलं, वाचायचं ते या कागदावरून.

कार्यालय म्हणजे सगळं चकचकीत. मागच्या वर्षी तिथं कुणाचा तरी हरभरा होता. दारात टँकर उभा होता आणि त्याच्या गळक्या तोटीखाली आजूबाजूच्या झोपड्यांतल्या बायका कळशा लावून उभ्या होत्या. कार्यालयाचा रखवालदार त्यांना काठीनं हुसकत होता. एकीच्या बोटांवर काठी बसली, तरी तिनं कळशी सोडली नाही. मी त्याची काठी हिसकावून टँकरखाली फेकली आणि आत गेले.

चुलते आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, मागं पोरगा आणि भावकीतली दोघं-चौघं. आबा हात जोडून समोर गेले. चुलत्यांनी त्यांच्या डोक्यावरून पलीकडं बघितलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. आबा जोडलेले हात तसेच घेऊन जरा वेळ उभे राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आला. फेटा झाला की बोलंल."

मुहूर्त जवळ आला होता. पोरी अक्षता वाटत फिरत होत्या. आबांनी आपली मूठ सदऱ्याच्या खिशात रिकामी केली, कारण त्यांना नारळ द्यायला हात मोकळे हवे होते. मास्तर कागद उलगडून माईकपुढं उभे राहिले. तेवढ्यात चुलते बसल्या जागेवरून म्हणाले, "मास्तर, त्यो कागद ठिवा. कागदावर कोणी बी काय बी लिहितंय. मोबाईलात सगळ्यांच्या देखत हाय, त्यातून वाचा."

"कागदावर बी तुम्हीच पहिले हायत," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य.

ते मास्तरांना म्हणाले, "हिला आवरा. वाचा तुम्ही."

मागून मामांकडचेही ओरडले, "मोबाईलातूनच वाचा!" त्या एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं. आमच्या माणसांचं हे असं आहे. कागदानं त्यांचे बांध सरकवले, कागदानंच बायपासच्या कडेच्या कितीकांच्या जमिनी दुसऱ्याच्या नावावर केल्या, त्यामुळं कागद म्हटला की त्यांना फसवणूक दिसते. सगळ्यांना दिसतं ते खरं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. सगळ्यांना दिसतं ते सगळ्यांना हलवताही येतं, आणि हे तर सगळेच रोज करत होते, पण त्या वेळी ते एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मास्तरांनी मोबाईल काढला. मी मांडवावर नजर टाकली. इकडची आणि तिकडची पोरं माना खाली घालून बसली होती आणि सगळ्यांचे अंगठे चालले होते.

"मानाचा पहिला फेटा," मास्तर म्हणाले आणि थांबले. त्यांच्या डोळ्यांसमोर वरची ओळ खाली गेली होती. समोर जे आलं ते त्यांनी वाचलं. "वधूचे मामा!"

हलगी वाजली. मामा उठले, फेटा बांधून घेतला. मी मास्तरांच्या दिशेनं पळत होते. चुलत्यांच्या पोरानं तेवढ्यात बापाला पुन्हा सगळ्यांत वर ओढलं आणि मामा दुसऱ्या जागेवर आले.

"मानाचा दुसरा फेटा," मास्तर म्हणाले, "वधूचे मामा!"

मामा नुकते फेटा सावरून बसत होते. लोक हसले. यादीत चुलते आता पहिले होते, पण पहिला नंबर वाचून झाला होता. मास्तरांनी घाम पुसत तिसरी ओळ वाचली, ती सरपंचांची निघाली. चुलते उभे राहिले.

त्यांनी मास्तरांना काही विचारलं नाही. सरळ मामांकडं गेले आणि त्यांच्या डोक्यावरचा फेटा ओढला. मामांच्या गळ्याला फास बसला, ते खुर्चीसकट आडवे झाले. पुढचं मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. मास्तरांच्या तोंडावर माईक आपटला आणि त्यांचा दात पडला, तो आवाज सगळ्या कार्यालयानं ऐकला. मांडलेल्या नारळांवर पोरांनी झडप घातली. मानाचे नारळ, हळदीकुंकू लावलेले, एकमेकांच्या टाळक्यात बसत होते. वाढपी वरणाचं वगराळं घेऊन आला तो सोडवायला, पण एक फटका खाल्ल्यावर तोही मारायलाच लागला. एका बाईच्या नथीत कुणाचं तरी बोट अडकलं आणि नाक फाटलं. चुलत्यांच्या पोराला कुणी तरी जिन्यावरून ढकललं. त्याचा मोबाईल फुटला आणि तो मोबाईलसाठी रडला.

मी एक नारळ उचलला होता. समोर चुलते होते, पाठमोरे, हाताच्या अंतरावर. पाटातलं ते फावडं माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मी हात वर नेला. मी मारणार होते, यात शंका नाही. तेवढ्यात मामांच्या पोरानं लोखंडी खुर्ची उचलून त्यांच्या डोक्यात घातली. ते गुडघ्यावर आले. पांढरा सदरा गळ्यापासून लाल झाला. माझा वार भलत्यानंच करून टाकला, याचा मला खरं सांगायचं तर रागच आला.

खुर्ची पुन्हा वर गेली तेव्हा आबा मध्ये शिरले. ते चुलत्यांवर ओणवे झाले. खुर्ची कुणी तरी वरच्या वर धरली, पण कुठून तरी आलेला नारळ आबांच्या कानशिलावर फुटला. पाणी आणि रक्त बरोबरच मानेवरून उतरलं. त्यांनी कानाला हातसुद्धा लावला नाही. "टेम्पो बोलाव," मला म्हणाले. रुखवताचं सामान आणायला दुकानाचा टेम्पो मी मागून घेतला होता, तो दारातच होता.

"आबा, मुहूर्त आलाय. तुम्ही थांबा. त्यांचं पोरगं नेईल त्यांना."

"त्यो जिन्याखाली पडलाय."

"मग मरू द्या!" मी ओरडले. चुलत्यांनी ते ऐकलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, पण या वेळी मला आवरा असं कुणाला म्हणाले नाहीत.

"पोरीच्या डोक्यावर अक्षता कोण टाकणार?" मी आबांना हलवून विचारलं.

"तिच्या डोक्यावर शेकडो माणसं टाकतील," आबा म्हणाले. "ह्याला कोण हाय?"

टेम्पोत मागं ते दोघं बसले, पंख्यांच्या रिकाम्या खोक्यांना टेकून. मीही मागंच बसले, कारण आबांच्या कानावर फडकं दाबून धरायला कुणी तरी हवं होतं. वाटेत चौकाचौकात गर्दी होती. क्रांती चौकात एक रिक्षावाला आडवा आला, आमचा ड्रायव्हर उतरून त्याच्या कॉलरला गेला, आणि मी ताडपत्री वर करून दोघांनाही अशा शिव्या घातल्या की वाहतूक आपोआप मोकळी झाली.  चुलते समोरच्या पत्र्याकडं बघत होते आणि आबा चुलत्यांकडं.

सरकारी दवाखान्यातल्या अपघात विभागात डॉक्टर म्हणजे एक दमलेलं पोरगं होतं. त्यानं दोघांकडं बघून विचारलं, "आधी कोण?"

"ते," आबा म्हणाले. "थोरले हायत."

चुलते उठले आणि आत गेले. 'तू जा' नाही, 'तुला जास्त लागलंय का' नाही. मागं वळून बघणंही नाही. आबांच्या कानातून रक्त गळत होतं आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. "झाला ना पहिला मान?" मी म्हटलं. "मिळाला ना त्यांना? टाक्यांचा!"  मी बाकाला लाथ मारली आणि माझाच अंगठा ठेचला.

चुलते पट्टी बांधून बाहेर आले, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आबांना आत घ्यायच्या वेळी एका बांधकामावरून पडलेल्या मजुराला आणलं, म्हणून ते थांबले. तेवढ्यात माझा फोन वाजला. मामांचा होता. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, पोलीस येऊन गेले, नवऱ्या मुलाचे वडील म्हणतात आमच्याकडं तर याहून मोठं झालं होतं, भटजींना आवरायला सांगितलंय. "पोरगी ऐकत नाय. म्हणती, आबांना ऐकू गेल्याबिगर माळ घालणार नाय. फोन माईकजवळ धरतो, तू आवाज मोठा कर."

मी आवाज मोठा केला आणि फोन बाकावर मधोमध ठेवला. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचा आवाज थरथरत होता आणि मागं अजून कुणी तरी कुणाला तरी शिव्या देत होतं. आबा ताठ बसले. रक्ताळलेला हात सदऱ्याला पुसून त्यांनी खिशात घातला आणि अक्षता काढल्या. काही लाल झाल्या होत्या, त्या त्यांनी वेचून बाजूला केल्या नाहीत. पहिल्या 'सावधान'ला त्यांनी चार दाणे फोनवर टाकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

चुलते फोनकडं बघत होते. दुसरं कडवं झालं. ते बाकावरून सरकत सरकत जवळ आले, आबांच्या पुढं त्यांनी तळहात धरला आणि म्हणाले, "मला बी दे."

आबांनी त्यांच्याकडं बघितलं. मग खिसा उलटा करून होत्या नव्हत्या सगळ्या अक्षता त्या तळहातावर ओतल्या. "घे," म्हणाले. "घे, तात्या." पुढचं 'सावधान' झालं तेव्हा चुलत्यांनी त्यातल्या निम्म्या परत आबांच्या हातात दिल्या, आणि त्या दोन म्हाताऱ्यांनी मिळून सगळ्या अक्षता माझ्या फोनवर टाकल्या. फरशीवर तांदूळ सांडले म्हणून दवाखान्यातल्या सफाईच्या मावशी झाडू घेऊन ओरडत आल्या. आबा हसत होते. चुलते त्यांना काही तरी विचारत होते, लागलंय का खूप, असं काही तरी.

लग्न माझ्याही बहिणीचं होतं. लहानपणी मी तिला कडेवर घेऊन त्या विहिरीवर जायची. शेवटचं 'सावधान' झालं तेव्हा माझे दोन्ही हात रिकामे होते, आणि त्या दोघांपैकी एकालाही मी तिथं उभी आहे हे आठवलं नाही.